सातवी पाटी

ही गोष्ट माझ्या मामांची आहे, आणि ती खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, मला माहीत आहे. म्हणून एक खूण आधीच सांगून ठेवते. माझे मामा खोटं बोलले की उजवा कान खाजवतात. मामींना हे लग्नानंतर आठ दिवसांत कळलं, आम्हा भाच्यांना लहानपणापासून माहीत आहे, आणि मामांना अजून पत्ता नाही. हे सगळं मला सांगताना त्यांचे दोन्ही हात चहाच्या कपाभोवती होते.

फक्त एका ठिकाणी हात वर गेला. ते ठिकाण आलं की सांगेन.

हिवाळा होता. मंगळवार. रात्रबित्र काही नाही, संध्याकाळचे साडेपाच वाजले होते.

मामा एका राखीव जंगलात रक्षक आहेत. वाघ वगैरे नाहीत तिथे. हरणं आहेत, पक्षी आहेत, आत एक मोठं तळं आहे आणि फाटकापासून तळ्यापर्यंत चार किलोमीटरची पायवाट आहे. लोक येतात, दुर्बिणी लावतात, डबा खातात, कागद टाकतात आणि जातात. कागद मामा उचलतात.

या पायवाटेवर सात पाट्या आहेत. पहिली फाटकाजवळ, सातवी तळ्याच्या वर. तिथून तळ्याकाठी उतरायला ब्याण्णव पायऱ्या. प्रत्येक पाटीला पत्र्याची एक झडप. झडप वर असली की हिरवं दिसतं, ‘वाट चालू’. खाली पाडली की लाल, ‘वाट बंद. मागे फिरा.’

संध्याकाळी शेवटची फेरी असते. रक्षकाने तळ्याकाठापर्यंत उतरायचं, कोणी राहिलंय का बघायचं, आणि मग सगळ्यांच्या मागून परत यायचं. येताना आधी सातवी पाटी पाडायची, मग सहावी, मग पाचवी... अशी फाटकापर्यंत. शेवटी चौकीतल्या वहीत तारीख, वेळ, आणि त्यापुढे तीन शब्द.

‘मागे कोणी नाही.’

हे तीन शब्द लिहिल्याशिवाय कुलूप लावायचं नाही, असा नियम.

आता गंमत बघा. पेंटरने लाल रंग पाटीच्या दोन्ही बाजूंना दिला होता. आत जाणाऱ्यालाही ‘मागे फिरा’ आणि आतून येणाऱ्यालाही ‘मागे फिरा’. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण पाटी पाडल्यावर आत माणूस असायचंच कारण नव्हतं. नियमच तसा होता.

मामांचा गुडघा मात्र नियमात बसत नव्हता. ब्याण्णव पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. साहेबांना सांगायची सोय नव्हती. कायम होण्याची ऑर्डर यायची होती, आणि गुडघा गेलेला रक्षक कोण कायम करतो? घरात मामी, दोन मुलं, भाड्याच्या दोन खोल्या. सगळं त्या एका ऑर्डरवर टांगलेलं.

म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. दुपारी तीनच्या फेरीत सातव्या पाटीपाशी उभं राहायचं. वरूनच शिट्टी मारायची, दोन हाका द्यायच्या. खालून उत्तर नाही आलं की पाटी तेव्हाच पाडून टाकायची. मग संध्याकाळी सहाव्या पाटीपासून परत फिरायचं. पायऱ्या वाचल्या, पावणेसहाची बसही मिळाली.

‘असं मी त्या एकाच दिवशी केलं,’ मामा मला म्हणाले.

आणि त्यांनी कान खाजवला.

त्या मंगळवारी दुपारपासून धुकं उतरलं होतं. हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. मामांनी तीन वाजता शिट्टी मारली, हाका दिल्या. खालून काही नाही. पाटी पाडली. साडेपाचला वहीत तीन शब्द लिहिले, कुलूप लावलं, बस पकडली.

खाली तळ्याकाठच्या बाकावर सिग्नल आजोबा बसले होते.

हे नाव रक्षकांनीच ठेवलेलं. आजोबा रेल्वेत सिग्नलवर होते, चाळीस वर्षं. निवृत्त झाल्यावर रोज काठी टेकत तळ्यापर्यंत जायचे. फाटकात आले की मामांना विचारायचे, ‘काय, लाईन क्लिअर?’ मामांनी ‘क्लिअर, आजोबा’ म्हटल्याशिवाय पाऊल आत टाकायचे नाहीत. रोजचा विनोद, पण दोघांनाही त्याचा कंटाळा यायचा नाही.

आजोबांना कमी ऐकू यायचं. हे मामांना माहीत होतं. त्या दिवशीही ते मामांना विचारूनच आत गेले होते; आपण फेरीवर असताना बाहेर पडले असतील, असं मामांनी धरलं.

संध्याकाळी सातला आजोबांच्या मुलीचा फोन ऑफिसात आला. बाबा घरी आले नाहीत. साहेबांनी वही उघडली. मामांच्या अक्षरात स्पष्ट लिहिलं होतं, ‘मागे कोणी नाही.’ म्हणजे म्हातारा बाहेर पडलाय, रस्त्यात कुठेतरी चुकलाय. रात्रभर सगळे रस्ते धुंडाळले, बसथांबे बघितले, दवाखाने पालथे घातले.

जंगलात कोणी गेलं नाही.

पहाटे जीप मामांच्या दाराशी आली. काय झालंय ते ड्रायव्हरने सांगितलं आणि मामा तसेच जीपमध्ये चढले. उजाडताच सगळे आत शिरले. गुडघा विसरून मामा सगळ्यांच्या पुढे पळाले.

आजोबा सातव्या पाटीखाली होते. पाटीच्या आतल्या बाजूला. खांबाला पाठ टेकून बसलेले, काठी मांडीवर आडवी, मफलर नीट गुंडाळलेला. अंग गार पडलं होतं.

चिखलात त्यांच्या पावलांचे ठसे होते. पायऱ्यांकडून पाटीपर्यंत. पाटीपासून परत पायऱ्यांकडे. पुन्हा पाटीपर्यंत. पुन्हा परत. मामांनी मोजले नाहीत, पण सात-आठ फेऱ्या तरी होत्या. शेजारी काठीची गोल भोकं.

लाल पाटी समोर होती. ‘मागे फिरा.’ चाळीस वर्षं लाल दिव्यापुढे गाडी जाऊ न देणारा माणूस. तो मागे फिरला. मग पुन्हा आला, हिरवं झालंय का बघायला.

मागून साहेबांचा आवाज जवळ येत होता.

मामांनी हात वर केला आणि झडप उचलली.

साहेब आले तेव्हा पाटी हिरवी होती. धुक्यात ती एक पाडायची राहून गेली असेल, असंच सगळ्यांना वाटलं. पंचनामा झाला. वय, थंडी, धुकं, वाट चुकली. पायऱ्यांवरून फेरीच्या वेळी दिसले नसतील, असं साहेबांनीच लिहिलं. मामांना कोणी काही विचारलं नाही. मामांनीही तोंडाला कुलूप लावलं.

आठ दिवस वाट बंद होती. नवव्या दिवशी पुन्हा सुरू झाली.

त्या संध्याकाळी मामा ब्याण्णव पायऱ्या उतरले. काठ बघितला, बाक बघितलं, झुडपांत टॉर्च मारला. कोणी नव्हतं. दुखरा पाय ओढत वर आले. सातवी पाटी पाडली आणि वळले.

तेवढ्यात...

टक.

खालून. पायऱ्यांवरून.

टक... टक...

काठीचा आवाज. एकेक पायरी चढत येणारा. मामा जागच्या जागी थिजले. आवाज वर आला, चिखलातून मऊ झाला, आणि पाटीपाशी येऊन थांबला. पत्र्याच्या पलीकडे, दोन हातांवर.

पलीकडे कोणी दिसत नव्हतं.

मग हळूच, रोज फाटकात यायचा तसा आवाज आला.

‘लाईन क्लिअर?’

मामा पळत सुटले. सहावी, पाचवी, चौथी पाटी कशी पाडली ते त्यांना आठवत नाही. चौथ्या आणि तिसऱ्या पाटीच्या मध्ये दलदल आहे. तिच्यावर अरुंद लाकडी पूल, एका बाजूला कठडाच नाही. पुलाच्या मधोमध एक फळी ढिली आहे. पाय पडला की वाजते.

मामांच्या पायाखाली वाजली. खट.

ते पुढे गेले. पूल संपत आला.

आणि मागे...

खट.

एकदाच. त्यापुढे काही नाही.

घरी आले तेव्हा मामांना ताप भरला होता. मामींनी विचारलं तर थंडी बाधली म्हणाले, आणि कान खाजवला. मामींनी पांघरूण घातलं.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी तेच. पाटीपाशी ‘लाईन क्लिअर?’ आणि पुलावर मागून एक खट. सकाळी जाऊन बघावं तर सातव्या पाटीच्या आतल्या बाजूला चिखलात काठीची ताजी भोकं. पाटीपर्यंत आलेली, तिथून मागे वळलेली. बाहेरच्या बाजूला एकही नाही.

पाटी हिरवी ठेवावी असं मामांच्या मनात यायचं. पण धीर होत नव्हता. हिरवी ठेवली तर आजोबा येतील. येतील आणि मग कुठपर्यंत येतील? बसपर्यंत? घरापर्यंत? मुलं झोपतात त्या खोलीपर्यंत?

मामा वाळत चालले. ताटावरून उठून जायला लागले.

आणि दर मंगळवारी आजोबांची मुलगी यायची. चाळिशीची बाई, औषधांच्या दुकानात कामाला. संध्याकाळी फाटकापाशी उभी राहायची. रडायची नाही, भांडायची नाही. तिचा एकच प्रश्न असायचा.

‘दादा, पाटी हिरवी होती ना? वाट मोकळी होती. मग बाबा तिथेच का बसून राहिले?’

मामा म्हणायचे, धुकं होतं, ताई. ती मान हलवायची आणि जायची. पुढच्या मंगळवारी पुन्हा तोच प्रश्न, त्याच आवाजात. मामा म्हणतात, पाटीपलीकडच्या आवाजाची भीती परवडली, या प्रश्नाची नको वाटायची.

पाचव्या मंगळवारी ऑर्डर आली. मामा कायम झाले. साहेबांनी हातात कागद दिला, पाठ थोपटली, पेढे कधी देताय म्हणून विचारलं. कागद खिशात घालून मामा फाटकाशी आले, तर ती उभी होती.

तिने तोंड उघडायच्या आत मामा बोलले.

‘ताई, पाटी लाल होती. मी तीन वाजताच पाडली होती. सकाळी तुमचे बाबा सापडले तेव्हा मी ती वर केली.’

तिने पर्सचा पट्टा घट्ट धरला होता, एवढंच मामांना दिसलं.

मग मामांनी उरलेलंही सांगितलं. काठीचा आवाज. चिखलातली भोकं. रोजचा प्रश्न. म्हणाले, तक्रार करा, पोलिसांत जा, मी नाही म्हणणार नाही.

‘ते नंतर बघू,’ बाई म्हणाली. ‘आधी मला तिथे न्या.’

शेवटच्या फेरीला दोघं गेले. पायऱ्या उतरले, काठ बघितला, वर आले. मामांनी झडपेला हात लावला नाही. बाई पाटीच्या बाहेरच्या बाजूला उभी राहिली, मामा तिच्या मागे. उजेड जात होता. पानसुद्धा हलत नव्हतं.

आणि मग...

टक.

बाईने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तिलाही ऐकू आलं होतं.

टक... टक... टक. आवाज वर आला. चिखलातून पुढे आला. हिरव्या पाटीपाशी आला, आणि तरीही थांबला.

‘लाईन क्लिअर?’

बाईने तोंडावरचे हात काढले. तिचा आवाज कापत होता, पण शब्द नीट आले.

‘क्लिअर, बाबा. चला घरी.’

ती वळली आणि चालू लागली. भराभरा चालणारी बाई, पण आता सावकाश चालत होती. डावा हात अंगापासून जरा दूर धरलेला, म्हाताऱ्या माणसाला धरता यावा तसा. तिच्या डाव्या बाजूने काठी वाजत होती. मामा मागून पाट्या पाडत चालले. सहावी. पाचवी. चौथी. पुलावर ती फळी वाजली, बाईच्या पायाखाली आणि लगेच तिच्या शेजारी. मग मामांच्या पायाखाली. मामा पूल ओलांडताना रडत होते, आणि मागे काय वाजलं, काय नाही, याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

फाटकाबाहेर ती थांबली नाही. रस्त्याला लागली. काठीचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला, नंतर नाही.

ती पुन्हा कधी आली नाही. तिने तक्रारही केली नाही. मामांनीच दुसऱ्या दिवशी सगळं लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. ऑर्डर गेली ती गेलीच. चौकशी झाली, मामा पुन्हा रोजंदारीवर आले. मामींनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्याला लावायचं तेल गरम करून दिलं. सातही पाट्यांच्या आतल्या बाजूला आता ‘बाहेर या’ लिहिलेलं आहे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मामांनीही मला इथपर्यंतच सांगितली, आणि कप खाली ठेवला.

पण तो कान माझ्या डोक्यातून जात नव्हता. ‘त्या एकाच दिवशी.’ मी म्हटलं, मामा, एकदा मला शेवटच्या फेरीला घेऊन चला.

ते नको म्हणाले. मी हट्ट धरला. गेल्या महिन्यात घेऊन गेले.

तळ्यावर काही नव्हतं. सातव्या पाटीपाशी काही नव्हतं. माझी भीती गेली, मी बडबड करत चालले होते. चौथी पाटी पाडल्यावर मामा म्हणाले, आता गप्प बस. पुढे हो. मागे बघू नकोस.

मी पुलावर पाय ठेवला. मधली फळी माझ्या पायाखाली वाजली. खट.

मागून मामा आले. खट.

आम्ही पूल उतरलो. मामा थांबले, म्हणून मीही थांबले. खाली दलदलीत बेडूक ओरडत होते. एकदम सगळे गप्प झाले.

आणि...

खट.

मी वाट बघत राहिले, पुढच्या पावलाची. पूल अजून अर्धा बाकी होता, फळी वाजवणारं जे कोणी होतं त्याने पुढचं पाऊल टाकायला हवं होतं.

पुढचं पाऊल वाजलंच नाही.

‘आजोबा?’ मी कसंबसं विचारलं.

मामांनी मान हलवली. म्हणाले, आजोबा लाल पाटी ओलांडून कधी आलेच नसते, पोरी. ते सातव्या पाटीपाशी थांबायचे आणि हा दुसराच कोणीतरी रोज पुलावर फळी वाजवायचा. भीतीपोटी माझ्या डोक्यातच आलं नाही. आजोबा मुलीबरोबर गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजलं, तेव्हा कळलं.

मी विचारलं. मामा, ती पाटी तुम्ही दुपारीच किती वेळा पाडली होती?

त्यांचे दोन्ही हात खाली होते.

‘तीन हिवाळे,’ मामा म्हणाले. ‘धुकं असलं की रोज.’

एवढ्या दिवसांत कोणीतरी खाली राहिलं असेल. लाल पाटी न जुमानता अंधारात एकटं निघालं असेल, आणि ढिल्या फळीपर्यंत पोचलं असेल. मामांनी जुने कागद चाळले, चौकीत विचारलं, पोलिसांतही विचारून आले. त्या तीन वर्षांत तिथे कोणीही हरवल्याची नोंद नाही. साहेबांनी दलदलीत बांबू घालून बघितलं, तर बांबूच तळाला लागला नाही.

‘आजोबांना न्यायला त्यांची मुलगी आली,’ मामा म्हणाले. ‘याला विचारायला कोणीच आलं नाही. नाव माहीत नाही, तर मी काय म्हणून हाक मारू?’

आम्ही फाटकापर्यंत आलो. चौकीत मामांनी दिवा लावला, वही उघडली. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. तारीख होती, वेळ होती. आधीच्या पानांवरही तारीख आणि वेळ होती. त्यापुढचा रकाना आजोबा मुलीबरोबर गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसापासून कोरा होता. साहेब रोज ओरडतात म्हणे.

मामांनी त्या दिवशीचाही रकाना कोरा ठेवला, वही मिटली, आणि कुलूप हातात घेऊन बराच वेळ उघड्या फाटकात उभे राहिले.